चारशे वार

डेल हॅगर्टीच्या दुकानात मागच्या भिंतीला
पत्रे टेकून उभे असतात, शिक्षा झालेल्या पोरांसारखे.
तो एकेकाला पान्याने टिचकी मारून दाखवतो.
नरम लोखंड 'ठप्' म्हणून गप्प बसतं.
पाणी दिलेलं पोलाद बराच वेळ बोलत राहतं.
"हे ने," तो म्हणतो, "पाचशे नंबरी, अर्धा इंच जाड.
महाग आहे. पण स्वस्तातलं काय करतं
ते तुझ्या घरातच बसलंय."

माझ्या घरात बसलाय माझा बाप,
थॉर्वल क्वामी, वय एक्क्याऐंशी,
डाव्या भुवईवर तिरपी खाच.
चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात
त्याने नांगराची जुनी तबकडी कुंपणाला टांगली,
वाटीसारखी खोलगट,
आणि पन्नास वारांवरून गोळी झाडली.
दुसऱ्या गोळीचा तुकडा वाट चुकला नाही,
आल्या वाटेनेच परत आला.
डोळा कसा वाचला ते बाप सांगत नाही.
आई म्हणायची, शिंक आली म्हणून.

मी वेल्डर. तेवीस वर्षं
फाटकं, ट्रेलर, एकदा चर्चचा जिनासुद्धा सांधला.
तरी या पत्र्याला ज्योत लावली नाही.
तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं,
आणि वरून कळतही नाही.
म्हणून नुसते दोन बोल्ट,
आणि अग्निशामक बंबाच्या टाकून दिलेल्या
पाइपाचे दोन पट्टे.
साखळीला गोळी लागली तर कडी उडते,
पट्ट्याला लागली तर भोक पडतं, बस्स.
पत्रा टांगला तो मान किंचित पुढे झुकवून,
म्हणजे फुटलेलं शिसं त्याच्याच पायाशी मातीत जातं.
झुकलेल्या मानेचा हा उपयोग
मला पन्नाशीत कळला.

मागे मातीची टेकडी.
एरिक्सनच्या मेंढ्या पलीकडच्या कुरणात आहेत ना,
दोनदा पाहिलं.
मॅरेनच्या डबीतल्या गोळ्यांवरून चुंबक फिरवलं,
पोटात पोलाद लपवलेली एकही नको.
सगळ्यांना चष्मे. कानांवर टोप्या.
बापाने टोपी परत केली.
"आत राखण्यासारखं काय उरलंय?"
मळणीयंत्रं आणि रायफली,
साठ वर्षं दोघांनी मिळून खाल्ले त्याचे कान.

तो दुर्बिणीला डोळा लावून बसला.
मॅरेन पालथी पडली, सोळा वर्षांची,
गालाखाली लाकडी दस्ता, वेणीत गवताचं कुसळ.
वारा डावीकडून, जुडिथ नदीकडचा,
गव्हाच्या धसकटांतून सरपटणारा.
पहिली गोळी. टेकडीवर धूळ.
"उजवीकडे गेली. वीतभर."
दुसरी. पुन्हा धूळ.
बराच वेळ काहीच नाही. तिचा श्वास. माझा.
तिसरी.

"लागली," बाप म्हणाला.
पांढरा रंग उडालेला त्याने पाहिला होता,
पत्रा मागे गेलेला पाहिला होता.
आणि तो बोलून झाल्यावर मग,
धसकटांवरून चालत आल्यासारखा,
आमच्यापर्यंत आला आवाज:
बारीक, लांबट, ओढत आणलेला.
आम्ही दोघी ऐकत राहिलो.
बापाने दुर्बीण सोडली, वळून विचारलं,
"वाजली का?"

मॅरेनने उत्तर दिलं नाही.
रायफल रिकामी केली, बोल्ट उघडा ठेवला,
खालच्या घरात एकदा बोट घालून पाहिलं.
मग आजोबांच्या कोपराला धरून निघाली.
चारशे वार,
मध्ये तीनदा थांबावं लागलं.
त्याची बोटं तिने पत्र्यावर टेकवली
आणि माझ्या खिशातला पाना घेऊन
कडेवर हलकेच एक टिचकी मारली.

बापाचं तोंड किंचित उघडं राहिलं.
एरिक्सनचा कुत्रा कुठेतरी भुंकत होता.
बोटं सरकत सरकत त्या करड्या डागापाशी गेली,
जिथे रंग नव्हता.

"इथे," तो म्हणाला, "अजून गरम आहे."